चाळीच्या सर्व्हरवर दरोडा पडला तेव्हा

गेली बावीस वर्षं मी फोर्टातल्या एका ऑफिसचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळते. म्हणजे नेमकं काय करतेस, हे आमच्या नायगावच्या चाळीत सांगून सांगून माझी जीभ झिजली. शेवटी लोकांनी आपापसात ठरवून टाकलं की मी कम्प्युटरवाली. त्यामुळे कुणाचा मिक्सर फिरेनासा झाला, कुणाच्या टीव्हीवर 'नो सिग्नल' आलं, की पॅसेजमधून माझ्या नावाने हाक. मी चिडते, दोन शब्द सुनावते आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाते. स्वभाव आहे, आता काय करणार!

आमची चाळ सरकारी. ती पाडून टॉवर उभे राहणार हे नक्की झालं, तेव्हा प्रत्येक घराला सरकारी ऑफिसात सुनावणीला जाऊन सिद्ध करायचं होतं की आपण इथलेच. कागद बरोबर निघाले तर यादीत नावापुढे 'पात्र', म्हणजे टॉवरमध्ये घर, नाहीतर 'अपात्र'. त्या एका 'अ'ने तीन माळ्यांची झोप उडवली होती. ट्रंका उघडल्या, गाद्यांखालच्या पिशव्या निघाल्या. भाडेपावत्या, रेशनकार्डं, खोली नावावर झाल्याची पत्रं. निम्म्यांना वाळवी लागलेली, उरलेल्यांवर पाणी गेलेलं. घड्या उघडताना हातात तुकडे यायचे.

मी कमिटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हटलं, सगळं स्कॅन करू. ऑफिसने मोडीत काढलेलं एक मशीन मागून आणलं, त्यावर लिनक्स ही फुकटात मिळणारी सिस्टीम टाकली आणि कमिटीच्या खोलीत कॅरमच्या टेबलाशेजारी ठेवलं. प्रत्येक खोलीच्या नंबराचा एक फोल्डर. लोकांनी मोबाइलवरून आपले कागद बघावे, मला ऑफिसात बसून काही दुरुस्त करता यावं, म्हणून बाहेरून आत यायची वाटही ठेवली. मशीनला मागून एक काळी डिस्क जोडली. दर रविवारी सगळ्याची कॉपी आपोआप तिच्यावर जायची. झाक काम! मी महिनाभर छाती काढून फिरत होते.

कमिटीचे सेक्रेटरी काका बसमध्ये कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. माणूस सोन्यासारखा, पण नाही म्हणता येत नाही. ते म्हणाले, "गणपती मंडळाची पोरंपण स्कॅनिंगला हात लावतायत, त्यांना एक सोपं लॉगिन दे ना गं. तुझी ती किल्लीबिल्ली त्यांना जमत नाही." किल्ली म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची एक लांबलचक फाईल. ती ज्याच्याकडे तोच आत. माझ्यासाठी मी तीच ठेवली होती. पोरांसाठी म्हटलं, आठ दिवस पासवर्ड चालू ठेवते, मग बंद. पासवर्ड काकांनी ठरवला. लॉगिन ganesh, पासवर्ड ganesh123. मी बघितलं, कपाळावर हात मारला आणि सोडून दिलं. ते आठ दिवस कधी संपले नाहीत. ऑफिसात कुणी असला पासवर्ड ठेवला असता तर मी त्याला उभा सोलला असता. पण घरचं काम म्हटलं की आपल्यालाही शिथिलता येते, हे मी आज उघड कबूल करते.

आता काकू. काकू म्हणजे समोरच्या खोलीतली. नात्याची नाही, पण माझी आई नर्स होती, तिची ड्यूटी असली की मी काकूच्या ताटात जेवायची. नवरा गिरणीत होता, तो जाऊनही आता वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. गावाकडचं घर दिरांनी वाटून घेतलं, तिच्या हाती काही आलं नाही. म्हणजे ही एक खोली, एवढंच तिचं जगात. नवरात्रात तिने कागदांची पिशवी माझ्या मांडीवर आणून ठेवली. त्यात एकच कागद लाखमोलाचा होता, खोली नवऱ्याच्या नावावरून तिच्या नावावर झाल्याचं पत्र. वाळवीने एक कोपरा नेलेला. मी ते दोन काचांमध्ये धरून स्कॅन केलं आणि म्हटलं, "काकू, आता बिनधास्त झोप. कम्प्युटरमध्ये आहे."

हे वाक्य मी त्या महिन्यात शंभर जणांना म्हटलं असेल.

तिची सुनावणी जानेवारीत लागली, शुक्रवारी अकराला. बुधवारी सकाळी चहा पिता पिता मी मोबाइलवर तिचा फोल्डर उघडला, म्हटलं प्रिंट काढून ठेवू. फाईल उघडेना. दुसरी उघडली, तीही नाही. प्रत्येक फाईलच्या नावाला मागे कसलंतरी विचित्र शेपूट लागलेलं. शेजारच्या खोलीचा फोल्डर बघितला, तिथेही तेच. आणि प्रत्येक फोल्डरात इंग्रजीत एक चिठ्ठी: तुमच्या फाईलींना कुलूप लावलंय, पैसे दिलेत तर उघडून देऊ.

कप तसाच टाकून, गाऊनवर ओढणी घेऊन मी जिने उतरले. कमिटीच्या खोलीत शिरले आणि पहिलं काय केलं, तर नेटवर्कची वायर उपटली. मग ऑफिसला फोन केला, की आज मी येत नाही, कारण विचारू नका. मग मशीनचा लॉग उघडला. लॉग म्हणजे कोण आलं, कोण गेलं, याची मशीनने ठेवलेली नोंद. पानामागून पान एकच ओळ. कुणीतरी जगाच्या कुठल्यातरी टोकावरून आमच्या मशीनचं दार वाजवत होतं. admin म्हणून वाजवलं, आत घेतलं नाही. test म्हणून वाजवलं, नाही. ही यंत्रंच असतात, दिवसभर सगळ्या जगाची दारं वाजवत हिंडतात, नावांची यादी घेऊन. आपल्या देशासाठी त्यांच्याकडे वेगळी यादी असते. त्यात sairam होतं, krishna होतं आणि मग ganesh. पहिल्या प्रयत्नात नाही, दुसऱ्या प्रयत्नात नाही, तिसऱ्याला मशीनने हसतमुखाने दार उघडलं. पोरांना स्कॅन टाकता यावेत म्हणून त्या लॉगिनला सगळे फोल्डर खुले होते. चोरालाही झाले.

मी फरशीवर फतकल मारून बसले.

सेक्रेटरी काका आले. मी काय झालं ते सांगितलं. ते टोपी काढून उभे राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "वर्गणी काढूया का? घरटी थोडेथोडे काढले तर देऊन टाकू त्यांना."

"काका, तो मंडळाचा कार्यकर्ता नाहीये पावती फाडायला आलेला! चोर आहे तो! पैसे घेईल आणि अंगठा दाखवेल!"

माझा आवाज वरच्या माळ्यापर्यंत गेला असावा, कारण काकू खाली आली. पदराला हात पुसत दारात उभी राहिली. "प्रिंट झाली काय गो बाय?"

मी म्हटलं, "काकू, जरा घोळ झालाय. तू असं कर, ते मूळ पत्र घेऊन ये. फाटकं असू दे. आपण तेच नेऊ."

ती म्हणाली, "ता खंय आता? दिवाळीत साफसफाई केलंय तेवा रद्दीवाल्याक दिलंय. वाळवीन खाल्लेला, सगळ्या कपाटाक लागली असती." आणि मग, काही विशेष नसल्यासारखं, "तू सांगितलंस ना, कम्प्युटरात आसा म्हणान."

तिने रागाने म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी तिला खरं ते सांगितलं, की कम्प्युटरमध्ये आहे पण कुणीतरी कुलूप लावलंय, आणि कदाचित मला ते उघडता येणार नाही. तिने ऐकून घेतलं. मान हलवली. "तू बघतंस ना? मग मी भात लावतंय," म्हणाली आणि वर गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सेक्रेटरी काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

मग एकदम आठवलं, डिस्क! रविवारची कॉपी! मी मशीनच्या मागे हात घातला. धूळ लागली, वायरचं भोक लागलं, डिस्क नाही. टेबलाखाली वाकून बघितलं, कॅरमबोर्डामागे बघितलं. नाही.

"काका, इथली काळी डिस्क कुठंय?"

"कुठली गं?"

"काळी! चपटी! मागे लावलेली!"

काकांचा चेहरा पडला. "ती होय? ती पूजेच्या कपाटात आहे. दसऱ्याला पूजा मांडली ना आपण इथे. माझं तिकिटांचं पंच ठेवलं, मंडळाची पक्कड, हातोडी, स्कॅनर. म्हटलं या मशीनचीही पूजा व्हायला हवी, सगळ्या चाळीचे कागद सांभाळतंय बिचारं. पण आख्खं मशीन पाटावर मावेना. म्हणून त्याचा धाकटा भाऊ काढून ठेवला. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. नंतर लाल फडक्यात बांधून..."

"आणि परत लावला नाहीत!"

"मला वाटलं तू लावशील."

इथे माझं डोकं सणकलं. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बॅकअप म्हणजे काय, रविवार म्हणजे काय, तीन महिने, दसऱ्यापासून जानेवारी, एकाही माणसाला अक्कल नाही, त्यात मीही आले, कारण कॉपी झाली नाही की मशीन मला मेल पाठवायचं आणि ते मेल मी न उघडता बाजूला सारत होते. मी तोंडाचा पट्टा सोडला होता आणि काका मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता म्हटलं, "तीन महिने ती डिस्क कशालाही जोडलेली नाही, कशालाही!"

आणि माझंच वाक्य माझ्या कानात शिरलं.

कशालाही जोडलेली नव्हती. म्हणजे चोर आत आला तेव्हा ती तिथे नव्हतीच. जोडलेली असती तर मशीनबरोबर तिलाही कुलूप लागलं असतं, ही मंडळी बॅकअप आधी शोधतात. मी इतकी वर्षं ऑफिसात लोकांना घसा फोडून सांगत आलेय, की एक कॉपी सगळ्यांपासून सोडवून ठेवा, कुठेही न जोडलेली. ते शहाणपण मी स्वतः इथे केलं नव्हतं. काकांनी केलं होतं, हळदकुंकू वाहून!

"काका, तुमच्या पाया पडू का?" मी म्हटलं. त्यांना वाटलं मी टोमणा मारतेय. खरंच वाकून पडले, तेव्हा बिचारे आणखी घाबरले.

कपाटातून लाल गाठोडं निघालं. काका उत्साहाने ते घेऊन थेट मशीनकडे निघाले, वायर हातात. "हात लावू नका!" मी अशी ओरडले की ते जागीच थिजले. त्या मशीनमध्ये चोर अजून बसलेला असेल, त्याला ही डिस्क ताटात वाढून द्यायची की काय? मी वरून माझा लॅपटॉप आणला, त्याचं वायफाय बंद केलं. डिस्क नुसती वाचायची, तिच्यावर काही लिहायचं नाही, असं त्याला बजावलं आणि वायर लावली.

दिवा लागला नाही.

पुन्हा लावली. नाही. बॅटरी आणून भोकात बघितलं तर आत कुंकू सुकून घट्ट बसलेलं, त्यात दोन अक्षता. पूजा अगदी यथासांग झाली होती! मी काकूकडून जुना टूथब्रश मागवला, तळमजल्यावरच्या कंपाउंडरकडून स्पिरिट. ब्रश घेऊन काकू स्वतःच खाली आली. पाऊण तास मी ते भोक घासलं, अक्षता सुईने काढल्या. तोवर खोलीत अर्धा माळा जमलेला. जो तो सल्ला देतोय. एकजण म्हणाला तव्यावर जरा गरम करा. मी नुसतं बघितलं त्याच्याकडे.

पण माझ्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. काकूचे कागद मी स्कॅन कधी केले? कॉपी रविवारी जायची. दसऱ्याच्या आधीचा रविवार धरला, तर तिचे कागद शनिवारी केलेले असले तर वाचले, सोमवारी केलेले असले तर गेले. मी काकूला विचारलं. ती म्हणाली, "नवरात्रात. माझो उपास होतो." अगं, नवरात्रात तुझा नऊच्या नऊ दिवस उपास असतो!

तिसऱ्यांदा वायर लावली. डिस्कने एक बारीक कुरकुर केली आणि निळा दिवा लागला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मी म्हटलं गप्प बसा. फोल्डरांची यादी आली. नंबर वाचत गेले. काकूच्या खोलीचा नंबर आला. आत तीन फाईली. कुठल्याच नावाला शेपूट नव्हतं. पहिली रेशनकार्ड, दुसरी भाडेपावती. तिसरीवर बोट ठेवलं.

पिवळं पत्र पडद्यावर उलगडलं. वाळवीने खाल्लेला कोपरा, काकूचं नाव, खाली गोल शिक्का, आणि वरच्या बाजूला, वाळवीपासून बोटभर अंतरावर, जावक क्रमांक आणि तारीख. स्वच्छ!

मी खुर्चीवरून उठून अशी किंचाळले की कॅरमच्या सोंगट्या उडाल्या. काकू मागच्या मागे मटकन बसली. काका तर लहान मुलासारखे नाचले. डिस्कवर दसऱ्याच्या आधीचं सगळं होतं. नंतरचे मोजून अकरा घरांचे कागद होते, ते त्यांच्या ट्रंकांतून पुन्हा काढून त्याच आठवड्यात स्कॅन केले. चोराच्या हाती शेवटी काय लागलं? घंटा!

गुरुवारी मी मशीन कोरं केलं, पुसून काढलं आणि पहिल्यापासून पुन्हा उभं केलं. या वेळी पासवर्ड नाहीच, फक्त किल्ली. ganesh हद्दपार. चुकीच्या नावाने तीनदा दार वाजवलं, की ज्या पत्त्यावरून वाजवलं तो कायमचा बाहेर. डिस्का दोन आणल्या, एक जोडलेली, एक लाल फडक्यात. संध्याकाळी मीटिंग घेतली. कुरकुर झाली, "आपल्या चाळीत दिवसा कुणी दार लावतं का? शेजारी काय म्हणतील?" मी म्हटलं, दारं उघडी असतात, कबूल. पण अनोळखी माणूस जिना चढला तर पहिल्या माळ्यावरच तीन दारांतून विचारतात ना, "कोण पाहिजे?" मशीन तेवढंच विचारणार आहे. किल्ली कशी वापरायची हे मंडळाच्या पोरांना अर्ध्या तासात जमलं. म्हणे जमत नाही!

मग वायर परत लावली आणि लॉग मोठ्या स्क्रीनवर सोडला. दहा मिनिटांत दारं वाजायला लागली. sairam आला, हाकलला. krishna आला, हाकलला. ganesh आला तेव्हा खोलीत जो गलका झाला, तसा मॅच जिंकल्यावरही होत नाही. सेक्रेटरी काका रोज दुपारी खुर्ची टाकून ते बघत बसतात अजून, आणि कोण आलं नि कोण गेलं ते मला फोन करून कळवतात.

शुक्रवारी सुनावणीला मी काकूबरोबर गेले. टेबलापलीकडच्या मॅडमनी प्रिंट उलटीपालटी केली. "मूळ पत्र?"

"नाही," मी म्हटलं. "पण जावक क्रमांक आहे आणि तारीख आहे. पत्र तुमच्याकडूनच निघालंय, तेव्हा रजिस्टरला नोंद असणार. बघून घ्या."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण नंबर लिहून क्लार्कला आत पाठवलं. तो चाळीस मिनिटं आला नाही. काकू बाकावर ताठ बसून होती, दोन्ही हात पर्सवर. मी मात्र फेऱ्या मारत होते. शेवटी तो काखेत कापडी पुठ्ठ्याचं भलंमोठं रजिस्टर घेऊन आला आणि एका पानात बोट घालून त्याने ते मॅडमपुढे उघडलं. मॅडमनी प्रिंटवरचा नंबर बघितला, पानावरचा बघितला. "आहे," म्हणाल्या. एवढंच. बाहेर येऊन मी काकूला चहा पाजला आणि स्वतः दोन प्यायले.

यादी लागायला पुढे दीड महिना गेला. त्या दिवशी मी ऑफिसातून आले तर काकू चाळीच्या फळ्यापाशी उभी. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा मुद्दाम वर ठेवून आली होती. माझं मनगट धरून तिने मला फळ्यापुढे उभं केलं आणि तिच्या खोलीच्या ओळीवर माझंच बोट नेऊन ठेवलं. म्हणजे कुणाकडून तरी तिने ती ओळ आधीच शोधून घेतली होती, लबाड!

"वाच."

मी नाव वाचलं आणि पुढचा शब्द वाचला.

"मोठ्यान वाच."

मी मोठ्याने वाचला.

"आणखी मोठ्यान गो! वयल्या माळ्यार ऐकाक येवक व्हया!"

मी पोटातून श्वास घेतला आणि जिन्याच्या पोकळीत तोंड करून ओरडले, "पात्र!" तीन माळ्यांची दारं धडाधड उघडली, वरून कुणीतरी विचारलं, "कोण गं?" आणि इतकी वर्षं जिचा आवाज पॅसेजच्या पुढे कधी गेला नव्हता ती काकू, छातीवर हात मारून ओरडली, "मी! मी पात्र!"